डब्यातून उडून गेलेला माल

रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात वर्षअखेरीस मालाची मोजदाद होते, तेव्हा थिनर, टर्पेंटाइन, स्पिरिट अशा द्रव मालात थोडी घट निघतेच. सुटा माल विकणाऱ्या जुन्या दुकानदारास तिचे नवल वाटत नाही. पिंपाचे बूच काढले, नरसाळ्यातून बाटली भरली, पुन्हा बूच लावले, एवढ्या अवधीत काही अंश उडून जातो हे त्याला ठाऊक असते. पेट्रोल पंपाच्या हिशेबात तर बाष्पीभवनाची तूट हा मान्यच झालेला प्रकार आहे. पेट्रोलची तूट डिझेलपेक्षा जास्त धरली जाते, कारण पेट्रोल अधिक वेगाने उडते. तूट खर्ची टाकली की पुस्तक जुळते आणि विषय मिटतो.

मात्र जमाखर्चाचा मूळ नियम असा की, एका खात्यातून जे निघाले ते दुसऱ्या कोणत्यातरी खाती जमा झालेच पाहिजे. डब्यातून उडालेला माल कोणाच्या खाती जमा झाला? हा प्रश्न व्यापाऱ्याच्या वहीत कधी विचारला जात नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस या शहरावर मात्र सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी तो विचारण्याची पाळी आली आणि त्याचे उत्तर हाती येण्यास जवळजवळ एक दशक लागले.

उत्तराकडे वळण्यापूर्वी या मालाचे शास्त्रीय नाव सांगणे इष्ट. साध्या तापमानाला सहज वाफ होऊन हवेत मिसळणाऱ्या कार्बनयुक्त पदार्थांना ‘बाष्पशील सेंद्रिय संयुगे’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘व्हीओसी’ हा शब्द आता रंगाच्या डब्यांवरही दिसू लागला आहे. पेट्रोलमधील बेन्झिन आणि टोल्युइन, थिनरमधील द्रावके, फ्रेंच पॉलिशमधील स्पिरिट, नेलपॉलिश पुसण्याचे ॲसिटोन, छापखान्यातील शाई, चप्पल-बुटांचे रबरी सोल्युशन, कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्या, अत्तर आणि कापूर ही सगळी या एकाच मोठ्या कुळातील मंडळी. वास आला म्हणजे माल हवेत निघाला, इतकी सोपी ही ओळख आहे. यांतील काही घातक, काही जवळजवळ निरुपद्रवी. त्यामुळे वासाच्या तीव्रतेवरून धोका ठरवता येत नाही. शिवाय दुकानात श्वासाबरोबर जे आत जाते ती या विषयाची एकच बाजू झाली. दुसरी बाजू हवेत गेल्यानंतर सुरू होते.

२६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीवर दाट, तपकिरी धुरके उतरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले, समोरचे तीन चौक ओलांडून पलीकडचे दिसेना. युद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी भीती पसरली. काही काळाने संशय शहरातील एका कारखान्यावर गेला. युद्धासाठी कृत्रिम रबर लागत असे आणि त्याचा कच्चा माल असलेले ब्युटाडाइन तेथे तयार होत होते. लोकांच्या रेट्यामुळे कारखाना काही दिवस बंद ठेवण्यात आला. धुरके मात्र येतच राहिले.

१९४७ मध्ये तेथे हवा-प्रदूषण नियंत्रणासाठी स्वतंत्र जिल्हा-यंत्रणा उभी राहिली. त्या काळी धुरके म्हटले की कोळशाचा धूर आणि गंधकाचा वायू हेच डोळ्यांपुढे येई, कारण लंडन आणि पिट्सबर्ग या शहरांचा अनुभव तसा होता. त्यानुसार तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारा गंधक आवळण्यात आला. उपयोग झाला नाही. लॉस एंजेलिसचे धुरके वेगळेच वागत होते. लंडनचे धुके थंडीत आणि ढगाळ हवेत साठे. हे मात्र लख्ख उन्हात, दुपारी चढे आणि सायंकाळी ओसरे. त्याला कोळशाचा वास नव्हता. आसपासच्या शेतांतील पालेभाज्यांची पाने चंदेरी-कांस्य रंगाची होऊन वाळत. मोटारींच्या टायरांना इतर शहरांच्या मानाने लवकर भेगा पडत. टायरचे व्यापारी आणि भाजीवाले शेतकरी यांच्या तक्रारी वेगवेगळ्या दप्तरांत पडून होत्या. त्या एकाच रोगाच्या खुणा आहेत हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

ते ध्यानी आले अननसाच्या वासामुळे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात कॅलटेक, या संस्थेत आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ काम करीत. फळांचा स्वाद कशाने येतो, हा त्यांचा विषय होता. पिकलेल्या अननसावरची हवा अतिथंड नळीतून नेऊन तिच्यातील सुवासिक वाफा गोठवायच्या आणि मग त्या थेंबांचे पृथक्करण करायचे, अशी त्यांची पद्धत होती. नियंत्रण यंत्रणेशी संबंधित मंडळींनी त्यांना विनंती केली की, हीच युक्ती शहराच्या हवेवर करून पाहावी. त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरची हवा नळीतून खेचली. हाती आले ते काही थेंब तपकिरी, उग्र दर्पाचे पाणी. त्यात गंधकाचे प्रमाण नगण्य होते. अर्धवट जळालेल्या किंवा नुसत्याच उडालेल्या पेट्रोलजन्य वाफांची, हवेत रूपांतर पावलेली संयुगे मात्र भरपूर होती.

पुढची दोन-तीन वर्षे त्यांनी काचेच्या बंद पात्रांत प्रयोग केले. पेट्रोलची वाफ एकटी ठेवली तर काही घडेना. मोटारीच्या धुरात असणारी नायट्रोजनची ऑक्साइडे एकटी ठेवली तरी फारसे घडेना. दोन्ही एकत्र आणून त्यांवर सूर्यप्रकाश पाडला की लॉस एंजेलिसचा तोच परिचित, डोळ्यांत पाणी आणणारा दर्प तयार होई, त्यात ठेवलेली पाने तशीच काळवंडत आणि वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्टीला काही मिनिटांतच चिरा पडत. रबर चिरणारा वायू ओझोन होता. रबराला चीर पडण्यास किती वेळ लागतो, यावरून हवेतील ओझोन मोजण्याची स्वस्त रीतही त्यांनी रुळवली. १९५२ मध्ये त्यांनी हे सारे सुसंगतपणे प्रसिद्ध केले.

येथे एक शंका नेहमी येते. ओझोन तर पृथ्वीचे रक्षण करतो, असे शाळेत शिकवले जाते. मग तो शत्रू कसा? वायू एकच आहे, जागा वेगळी आहे. पंधरा ते तीस किलोमीटर उंचीवरील ओझोन सूर्याचे अतिनील किरण अडवतो आणि तेथे तो हवाच. जमिनीलगत मात्र तो श्वासनलिकेचे आतले अस्तर पोळतो, दमेकऱ्यास बेजार करतो आणि पिकांच्या पानांत शिरतो. उंचावरचा ओझोन खाली आणता येत नाही, खालचा वर पाठवता येत नाही.

रासायनिक घडामोड समजून घेण्यास वहीची भाषा पुरेशी आहे. मोटारीच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू उन्हात फुटतो आणि त्यातून ऑक्सिजनचा एक अणू सुटतो. तो हवेतील ऑक्सिजनला चिकटला की ओझोन तयार होतो. ही झाली जमा. पण फुटून उरलेला नायट्रिक ऑक्साइड लगेच त्याच ओझोनवर झडप घालून पुन्हा डायऑक्साइड बनतो. हा झाला खर्च. जमा होताच खर्ची पडत असल्यामुळे ओझोनची शिल्लक फारशी वाढत नाही. बाष्पशील संयुगे हवेत आली की चित्र पालटते. त्यांच्या विघटनातून निघणारे क्रियाशील घटक नायट्रिक ऑक्साइडचे रूपांतर परस्पर करून टाकतात. ओझोन खर्च करण्याची त्याला गरजच उरत नाही. म्हणजे ऋणकोचे देणे कोणी तिसराच भागवतो आणि ओझोनच्या खाती शिल्लक साठत जाते. सकाळच्या वर्दळीत निघालेली वाफ दुपारी, बहुधा शहराबाहेर वाऱ्याच्या दिशेला, ओझोन होऊन प्रकटते. याच वाफांचा काही भाग अतिसूक्ष्म कणांतही रूपांतरित होतो आणि क्षितिजावर जो धूसर पडदा दिसतो त्यात भर घालतो.

तेल व्यवसायाच्या पैशावर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेने हागेन-स्मिट यांचे निष्कर्ष सदोष ठरवण्याचा प्रयत्न केला. असे सांगतात की, एका जाहीर व्याख्यानात आपली अशी हजेरी घेतलेली ऐकून हे शांत स्वभावाचे गृहस्थ इतके चिडले की अननस कायमचा मागे पडला. वादाचा गाभा खरे तर हिशेबाचाच होता: टाक्या, नळ, पंप आणि मोटारी यांतून रोज किती माल नकळत उडतो? उद्योगाचे म्हणणे होते, अगदी थोडा. मोजणी जसजशी नीट होऊ लागली तसतसा आकडा वाढत गेला.

उपाय सुरू झाले ते तेथूनच. तेलाच्या मोठ्या टाक्यांना तरंगते छत बसवण्याची सक्ती झाली. तेलाच्या पृष्ठभागावरच हे छत तरंगते आणि पातळीबरोबर वर-खाली होते. त्यामुळे तेल आणि छत यांच्यामध्ये वाफ साठण्यास पोकळीच राहत नाही. या खर्चाची मालकांना फार तक्रार करता आली नाही, कारण वाचलेले तेल त्यांचेच होते. १९५७ मध्ये घरोघरच्या परसातील कचरा जाळण्याच्या भट्ट्या बंद झाल्या. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने मोटारींच्या धुरासाठी मर्यादा घातल्या. दोन वर्षांनी राज्याच्या नव्या हवा-संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष म्हणून हागेन-स्मिट यांचीच नेमणूक झाली आणि १९७५ पासूनच्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक बसू लागला. १९५५ मध्ये या शहराच्या हवेत ओझोनचे एका तासाचे प्रमाण दशलक्ष भागांत ०.६८ इतके नोंदले गेले होते. भारतात आज मान्य असलेल्या एका तासाच्या मर्यादेच्या ते सातपटीहून अधिक भरते. तसे दिवस त्या शहराने पुन्हा पाहिले नाहीत, जरी आजही तेथील हवा अमेरिकेतील सर्वांत सदोष हवांत मोडते.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने याहून उद्बोधक आहे तो १९६६ चाच, लॉस एंजेलिसचा ‘नियम ६६’. मोटारी आणि तेलकंपन्या सोडून थेट रंग, वार्निश, ग्रीस काढण्याचे द्रव, छपाई आणि धुलाई या लहान धंद्यांकडे वळलेला हा बहुधा पहिलाच कायदा. उन्हात लवकर ओझोन घडवणारी द्रावके त्याने वेगळी काढली. अशा द्रावकांचा घरबांधणीचा रंग एक क्वार्ट, म्हणजे साधारण एक लिटर, किंवा त्याहून मोठ्या डब्यात विकण्यास त्याने मनाई केली. लहान डबा सुटला! कोणत्याही देशातला दुकानदार अशा पळवाटेचा अर्थ लगेच ओळखेल.

त्याहून मोठी फट दुसरीकडे होती. उन्हात फारशी क्रिया न करणाऱ्या द्रावकांना या नियमाने मोकळीक दिली, आणि त्यांत १,१,१-ट्रायक्लोरोइथेन हे एक होते. ज्वालाग्राही नाही, ओझोन घडवत नाही, चटकन सुकते, असा हा गुणी माल. कारखान्यांनी तो उचलला आणि पुढे तो कचेऱ्यांच्या टेबलांवरही पोहोचला, कारण टंकलेखनातील चुका झाकणाऱ्या पांढऱ्या द्रवातही तेच वापरले जाई. सावकाश क्रिया करणारा हा पदार्थ सावकाशच वर चढत वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचतो आणि तेथील रक्षक ओझोन नष्ट करतो, हे नंतर उमगले. मॉन्ट्रियल कराराच्या १९९० च्या लंडन दुरुस्तीने तो बंद होणाऱ्या पदार्थांच्या यादीत गेला. खाली ओझोन वाढू नये म्हणून निवडलेला माल वरचा ओझोन खात होता. शास्त्राच्या इतिहासात असा विनोद क्वचितच घडतो, आणि कोणत्याही ‘निर्धोक’ पर्यायाची जाहिरात वाचताना त्याची आठवण ठेवणे बरे. त्या पांढऱ्या द्रवाची आणखी एक कथा भारतीय स्टेशनरी व्यापाऱ्यांना ठाऊक असेल: रस्त्यावरची मुले नशेसाठी तो हुंगू लागल्यामुळे २०१२ मध्ये केंद्र सरकारने बाटलीतील व्हाइटनर व त्याच्या थिनरच्या विक्रीवर निर्बंध आणले.

वृक्षही बाष्पशील संयुगे सोडतात, हा मुद्दा येथे कोणीतरी काढतोच, आणि तो खरा आहे. जगाचा एकूण हिशेब मांडला तर वनस्पतींचा वाटा माणसाच्या वाट्याहून कितीतरी मोठा भरतो. आयसोप्रीन नावाचा एकच पदार्थ वनस्पती दरवर्षी पन्नास कोटी टनांच्या आसपास सोडतात. निलगिरी आणि ताडवर्गातील अनेक झाडे त्यात पुढे आहेत. दूरच्या वनाच्छादित डोंगरांवर निळसर धूसरपणा दिसतो, त्यात या वाफांचा भाग आहे. परंतु जंगलात नायट्रोजनची ऑक्साइडे अत्यल्प असतात. त्यामुळे झाडांच्या वाफेपासून तेथे फारसा ओझोन साठत नाही. तीच झाडे मोटारींनी गजबजलेल्या शहराच्या कडेला असली तर त्यांची वाफही ओझोनच्या कामी येते. दोष झाडाकडे जात नाही. भांडवलातील दुसरा हिस्सा माणसाने घातलेला असतो.

मोटारी स्वच्छ झाल्यानंतर शहरात उरले काय? अमेरिकी संशोधकांच्या एका गटाने २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लॉस एंजेलिसच्या हवेच्या मोजमापांवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला. रंग, शाई, डिंक व चिकटद्रव्ये, कीटकनाशके, फरशी पुसण्याचे द्रव, अत्तरे व सौंदर्यप्रसाधने यांतून उडणारी संयुगे आता तेथील पेट्रोलियमजन्य बाष्पशील संयुगांच्या जवळजवळ निम्मी आहेत, असे त्यांना आढळले. वजनाने पाहिले तर इंधनाचा खप अशा वस्तूंच्या सुमारे पंधरापट. पंधरापट मालाइतकीच वाफ एक पट मालातून येते, याचे कारण उघड आहे. इंधन जाळण्यासाठी असते आणि बंद टाकीत राहते. थिनरचे काम मात्र उडून जाणे हेच आहे. रंग सुकला याचा अर्थ द्रावक पूर्ण निघून गेले. विकलेल्या थिनरची घट अशी शंभर टक्के असते, फक्त ती दुकानाबाहेर होते.

भारतात ऊन भरपूर, वाहने वाढती आणि बांधकामे अखंड चालू. लॉस एंजेलिसला लागू पडलेले रसायन येथेही त्याच क्रमाने घडते. परंतु ओझोन शहराच्या मध्यभागी पुष्कळदा कमी आणि शहरापासून दूर, खेड्यांच्या शिवारात जास्त आढळतो, कारण शहरात ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खर्ची घालत असतो. वाफ शहराची असते आणि फळ शेतकऱ्याच्या पदरी पडते. ओझोन पर्णरंध्रांतून पानात शिरतो, हरितद्रव्य बिघडवतो. पान अकाली पिवळे पडते आणि दाणा बारीक भरतो. शेतकऱ्याला ना वास येतो, ना धूर दिसतो. कॅलिफोर्नियातील द्राक्षबागांत पानांवर पडणारे बारीक तपकिरी ठिपके हा कोणताही कीड-रोग नसून ओझोनचा मार आहे, हे १९५८ मध्ये निश्चित झाले. तोपर्यंत बागाईतदार ते कोड्यातच होते.

या नुकसानीचा देशापुरता अंदाज पुण्यातूनच मांडला गेला. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००५ सालच्या परिस्थितीवर आधारलेल्या या गणितानुसार जमिनीलगतच्या ओझोनमुळे देशाने त्या वर्षी सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ गमावला. सोयाबीन आणि कापूस यांचीही हानी त्यात मोजली आहे. धान्याची ही तूट ९.४ कोटी लोकांना पुरली असती, असा त्यांचा हिशेब होता. ही सगळी रक्कम थिनर आणि पेट्रोलच्या नावे लिहिणे अन्यायाचे होईल. ओझोनच्या घडणीत नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन हेही भागीदार आहेत. मात्र भागीदारीत वाटा किती, हा वाद असला तरी भागीदार कोण, हा वाद राहिलेला नाही. एकाच घरात थोरला भाऊ रंगाचे दुकान पाहतो आणि धाकटा भुसार मालाची अडत करतो, अशी कुटुंबे महाराष्ट्राच्या बाजारपेठांत कमी नाहीत. धाकट्याकडे येणाऱ्या गव्हाचे वजन थोरल्याकडच्या पिंपाशी असे जोडले गेलेले आहे.

आता त्या पहिल्या बाजूकडे, म्हणजे वाफ जेथे निघते तेथील माणसांकडे. मुंबईत चेंबूरच्या पलीकडे माहुल हे कोळ्यांचे जुने गाव. त्याच्या भोवती तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या साठवण टाक्या उभ्या राहिल्या. वासाने डोके धरते, मळमळते, श्वास लागतो, या रहिवाशांच्या तक्रारी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेल्या. तेथील हवेने लोकांच्या आरोग्यास धोका आहे, हे न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये मान्य केले. २०२० मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. तिचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून हजारो कुटुंबांना याच माहुलमध्ये पुनर्वसनासाठी पाठवण्यात आले होते. तेथे राहणे नाकारणाऱ्या कुटुंबांना दरमहा पंधरा हजार रुपये भाड्यापोटी द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये द्यावा लागला. हवेची किंमत रुपयांत ठरवण्याचा प्रसंग न्यायालयांवर येतो, तो असा.

या वाफांत सर्वाधिक धास्ती बेन्झिनची. रक्ताचा कर्करोग आणि बेन्झिन यांचा संबंध निर्विवाद सिद्ध झालेला आहे. भारतात नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने हवेतील बेन्झिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. पेट्रोलमध्ये ते आता आकारमानाने एक टक्क्यापर्यंतच चालते. एक टक्का म्हणजे किरकोळ वाटेल. गणित वेगळे सांगते. एका लिटर पेट्रोलात एक टक्का बेन्झिन धरले तर ते पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरते. ते सगळे उडाले तर सुमारे साडेसतरा लाख घनमीटर स्वच्छ हवा मर्यादेच्या काठावर येते. शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद मैदानावर पावणेदोनशे मीटर उंचीपर्यंत जेवढी हवा मावेल, तेवढी ही हवा. पेट्रोलने हात धुणारा, किंवा यंत्राचे भाग पेट्रोलमध्ये बुडवून पुसणारा कामगार ही हवा खर्च करत असतो. सर्वांत आधी स्वतःच्या नाकासमोरची.

रंगाऱ्याचा व्यवसाय हाच मुळी कर्करोगाशी निगडित आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे. दुकानदाराला वर्षानुवर्षे ओळखीचे असलेले रंगारी सुट्या थिनरचे गिऱ्हाईक असतात आणि दुकानात माल मोजून देणारा नोकर दिवसभर त्याच वाफेत उभा असतो. द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत, पोटमाळ्याखालच्या कोंदट गोदामात तुंबते. छताजवळचा पंखा तिला नीट हलवत नाही. बाहेर टाकणारा पंखा खाली, फरशीपासून हातभर उंचीवर लागतो. विम्याच्या दृष्टीनेही हे पाहण्यासारखे आहे, कारण हीच वाफ ठिणगीपर्यंत सरपटत जाते. पिंपाला बूच लावणे, सुटा माल मोजण्यास तोटी बसवणे, भिजलेली फडकी झाकणाच्या डब्यात टाकणे, यासाठी कर्ज काढावे लागत नाही.

मालाच्या निवडीत मात्र दुकानदाराचा शब्द फार चालतो. गिऱ्हाईक रंगाची छटा निवडते. तेलाचा की पाण्याचा, हे बहुतेक वेळा दुकानदार आणि रंगारी ठरवतात. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशाने घरांच्या रंगांतील व्हीओसीवर दोन टप्प्यांत मर्यादा घातल्या. आतल्या भिंतींच्या बिनचमकीच्या पाण्याच्या रंगाला २००७ पासून लिटरमागे ७५ ग्रॅम आणि २०१० पासून ३० ग्रॅम. लाकूड व लोखंडावरच्या तेलाच्या रंगाला त्याच दोन टप्प्यांत ४०० आणि ३०० ग्रॅम. वीस लिटर रंगाचा हिशेब केला तर पाण्याच्या रंगातून अधिकात अधिक ६०० ग्रॅम माल हवेत जाईल. लिटरमागे ४०० ग्रॅमच्या तेलाच्या रंगातून तब्बल ८ किलो. भारतीय बाजारातील अनेक कंपन्या आपल्या माहितीपत्रकात हा ग्रॅमचा आकडा देतात. ‘गंधहीन’ या शब्दाने तो आकडा कळत नाही, कारण वास झाकणारे सुगंधही याच कुळातले. पाण्याचा रंग टिकत नाही, ही जुनी तक्रार बाहेरच्या लोखंडी फाटकापुरती काही अंशी खरी असेलही. झोपण्याच्या खोलीच्या भिंतींसाठी ती पुढे करण्यात अर्थ नाही.

पेट्रोल पंपांवर बदल दिसू लागला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मोठ्या खपाच्या नव्या पंपांना वाफ परत घेणारी यंत्रणा आवश्यक केली. ती दोन ठिकाणी काम करते. टँकरमधून भूमिगत टाकीत पेट्रोल उतरते तेव्हा टाकीतील वाफेने भरलेली हवा दुसऱ्या नळीने टँकरमध्ये परत जाते. ग्राहकाच्या वाहनात पेट्रोल भरताना तोटीभोवतीच्या आवरणातून वाफ खेचली जाते आणि भूमिगत टाकीकडे पाठवली जाते. जुन्या पंपावर ही वाफ भरणाऱ्या पोऱ्याच्या तोंडावर येत असे. यंत्रणेचा खर्च आहे, देखभाल आहे, आणि काही मालकांनी तो बोजा म्हणूनच पाहिला. टाकीत परतलेल्या वाफेचा काही भाग थंड होऊन पुन्हा पेट्रोल होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत मोजपट्टी बुडवली जाते तेव्हा तो मापात येतो.